सुपरवायझरची पाळी

कुलपांच्या कारखान्यातल्या सुपरवायझरांनी मोठ्या हौसेने नवी पद्धत सुरू केली. एकच काम करून माणसं कंटाळतात, म्हणून दर सोमवारी प्रत्येकाने आपली जागा बदलायची. कामगार खरोखरच खूश झाले. फक्त पॅकिंगच्या मावशी एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साहेब, तुमची खुर्ची बरी यातून सुटली?"

सगळे हसले. सुपरवायझरांना नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. पुढच्या सोमवारी त्यांनी मावशींना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खोकी चिकटवायला उभे राहिले. हात खोक्यांवर चालत होते, पण जीव वर केबिनमध्ये अडकला होता. आपल्यावाचून सगळा बट्ट्याबोळ होणार, अशी त्यांना खात्री होती. खरं सांगायचं तर आशाच होती.

मंगळवारी सकाळीच मावशी लगबगीने त्यांच्याकडे आल्या. अडलं एकदाचं, असं मनात म्हणत सुपरवायझरांनी मोठ्या मायेने विचारलं, "काय झालं, मावशी?"

"साहेब, तुमचं आठवड्याचं काम कालच उरकलं. आता शनिवारपर्यंत तुम्ही काय करायचात, तेवढं सांगा."