खंडेनवमीचे चार्जर

दसरा चषकाच्या पहिल्याच चढावर, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, गोल्फ क्लबच्या अध्यक्षांची बॅटरीवरची गाडी कण्हली आणि थांबली. विश्रामने पेडल पुन्हा दाबून पाहिलं. पुढे बांधलेला झेंडूचा हार तेवढा हलला.

“चार्ज केली नव्हती?” मागे बसलेल्या अध्यक्षांनी, जगदाळे साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणजे विश्रामची नोकरी धोक्यात होती.

एरवी संध्याकाळी सगळ्या गाड्यांना चार्जर लावल्याशिवाय विश्राम घरी जात नसे. पण काल खंडेनवमी होती. त्याने बॅटऱ्या पुसल्या, त्यांत डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि सगळे चार्जर पाटावर मांडून त्यांना हळद-कुंकू वाहिलं. पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, ही वडिलांची शिकवण. बॅटऱ्यांत सकाळच्या एका फेरीपुरती धुगधुगी असेल, असा त्याचा अंदाज होता.

“काल चार्जर पूजेला बसले होते, साहेब,” तो चाचरत म्हणाला. “त्यामुळे बॅटऱ्यांना उपास घडला.”

“मलाही नऊ दिवस उपास होता. मी आलोच ना खेळायला?”

“तुमचा उपास साबुदाण्याच्या खिचडीवरचा, साहेब. ह्यांचा नुसत्या पाण्यावरचा.”

साहेब खाली उतरले, बाह्या सरसावल्या आणि गाडीला मागून खांदा लावला.

“वर पोचलो,” ते धापा टाकत म्हणाले, “की आधी हिचा उपास सोडव.”