पाचव्या रविवारची जोडी

"काय सांगतोस! आज चिठ्ठ्या तू काढणार नाहीस?"

फिर्मां एस्कांदनं क्लबच्या सेक्रेटरीची बाही धरून त्याला झाडाआड ओढलं.

"हळू बोल की जरा," आरिस्तीद कुजबुजला. "वार्षिक सामना आहे ना आज. नगराध्यक्ष बाईंना आत्ता हुक्की आली, म्हणाल्या चिठ्ठ्या मीच काढणार. त्यांना नाही कोण म्हणणार? तू म्हणतोस?"

गेले चार रविवार सगळं कसं बिनबोभाट चाललं होतं! पेतांकच्या, म्हणजे लोखंडी गोळे फेकायच्या खेळाच्या, जोड्या क्लबात चिठ्ठ्या टाकून ठरत. बत्तीस खेळाडू, जो तो आपल्या नशिबावर. पण फिर्मां नशिबावर विसंबणारा गडी नव्हे. दर शनिवारी आरिस्तीदच्या दारात तीन डझन ताजी कालवं पोचायची, आणि दर रविवारी पिशवीतून फिर्मांच्या नावापाठोपाठ एकच नाव निघायचं. एदविज व्हानहूत.

बाई उत्तरेकडच्या, लीलच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवऱ्याबरोबर इथं समुद्राकाठी राहायला आल्या, तीन वर्षांपूर्वी नवरा गेला आणि त्या एकट्याच उरल्या. कॉलरला इस्त्री, बोलणं मोजून मापून. आणि फिर्मां? शर्टाला बटणं दोनच, आणि बाजारात "कालवं घ्या" म्हणून ओरडला की चर्चमधला पाद्री प्रार्थना विसरायचा! विळ्याभोपळ्याचं नातं, दुसरं काय. पहिल्या रविवारी दोघं अख्खा सामना भांडले.

"एस्कांद, तुम्ही खेळता आहात की धोंडे फेकताय?"

"बाई, तुम्ही खेळताय की भूमितीचा पेपर तपासताय?"

पण जिंकले! बाई आपला लोखंडी गोळा अलगद लाकडी गोटीला नेऊन टेकवायच्या आणि फिर्मां समोरच्यांचे गोळे दणादण उडवून लावायचा. चार रविवारांत चारही सामने मारले. चौथ्याच्या शेवटी तर बाई चक्क हसल्या, तोंडावर हात न धरता. त्या दिवसापासून फिर्मांला झोप नव्हती.

आणि मग बाईंनीच तो बाँब टाकला. जोझेतच्या बारमध्ये, सगळ्यांसमोर.

"माझी मुलगी मागे लागलीय, घर विकून लीलला ये म्हणून," त्या म्हणाल्या. "उत्तर सोमवारी द्यायचंय." मग त्यांनी कागदी रुमालावर हिशेब मांडला. "चार वेळा हाच जोडीदार मिळणं, नऊ लाख तेवीस हजारांत एकदा. माझा योगायोगावर विश्वास नाही. पण पाचव्यांदाही हेच झालं तर मी मानेन की काहीतरी आहे. मग इथंच राहीन. नाही झालं, तर मंगळवारची गाडी."

"अगं बाई!" जोझेत ओरडली आणि सगळा बार टाळ्या वाजवायला लागला. फिर्मांनं त्या शनिवारी पाच डझन कालवं पाठवली.

आणि आता ही नगराध्यक्ष बाई मधेच उपटली!

"एदविजबाईंना खरं सांगून टाकू का?" त्यानं विचारलं.

"वेडा आहेस का? जोझेतनं एकदा पायानं गोळा सरकवला तर महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत त्या. तुझं तर तोंडही बघणार नाहीत."

फिर्मांनं वळून पाहिलं. बाईंच्या कानावरही बातमी गेली असावी. त्या एकटक आरिस्तीदकडे बघत होत्या. चोराच्या मनात चांदणं! त्यांना संशय आला, असं फिर्मांला वाटलं.

चौक गच्च भरला होता. नगराध्यक्ष बाईंनी बाह्या सरसावल्या, पिशवीत कोपरापर्यंत हात घातला.

"फिर्मां एस्कांद!"

सगळ्यांनी श्वास रोखला. जोझेतनं तर डोळेच मिटून घेतले.

"आणि... गोंत्रां!"

गोंत्रां म्हणजे औषधवाला. प्रत्येक फेकीआधी गोळा पुसणारा. चौकातून असा सुस्कारा निघाला की कबुतरं उडाली.

"ठरलं तर," एदविजबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच ताठ, पण गोळे पिशवीत भरताना एक त्यांच्या हातून निसटला. "मंगळवारची गाडी."

फिर्मां बाकावर चढला. गेली तर गेली अब्रू!

"थांबा! हा रविवार धरायचा नाही!" बाजारातला तो आवाज चौकभर घुमला. "पहिले चार खोटे, तर पाचवा खरा कसा? कालवं चारून मी चिठ्ठ्या फिरवल्या, बाई! लबाडी केली! तुम्हाला लबाडी खपत नाही, ठाऊक आहे मला. शिव्या द्या, क्लबातून हाकला, पण त्या भिकार हिशेबापायी लीलला जाऊ नका. माझा जीव जडलाय तुमच्यावर. सगळ्या गावादेखत सांगतो!"

बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आता त्या थोबाडीत मारतात की काय म्हणून गोंत्रां दोन पावलं मागे सरला.

"बोला ना बाई काहीतरी!" जोझेत कळवळून म्हणाली.

बाई मान खाली घालून बुटांची टोकं बघत राहिल्या. शेवटी आरिस्तीदलाच राहवलं नाही. त्यानं टोपी काढली.

"फिर्मां, तुझी कालवं मी खाल्ली, नाही म्हणत नाही. पण तुझ्यासाठी मी काहीच केलं नाही. तू माझ्याकडे आलास ना पहिल्यांदा, त्याच्या आदल्याच दिवशी बाई येऊन हेच सांगून गेल्या होत्या."