तिरळा वाघ

शाल्मलीने काढलेला वाघ पिंजऱ्यात जिवंत उभा होता. जुन्या कोरियन लोकचित्रांतल्यासारखाच तिरळा, बटबटीत डोळ्यांचा, जीभ लोंबणारा. प्रयोगशाळेने तो तिच्या चित्राबरहुकूम वाढवला होता. मांसाच्या तुकड्यावर मारलेला पंजा वीतभर बाजूला पडला आणि सोलच्या त्या दालनातले पाहुणे खदखदून हसले. शाल्मली प्रयोगशाळेच्या संचालकांकडे वळली.

"अहो, त्याला धड दिसत नाहीये," ती म्हणाली. "जुने चित्रकार वाघ बावळट काढायचे ते मुजोर सरदारांची टर उडवायला. वाघाची नव्हे!"

"लोकांना आवडतोय ना!" संचालक चोईंनी तिच्या हातात लाल शाई लावलेला दगडी शिक्का ठेवला. "आमच्याकडे चित्रावर चित्रकाराचा शिक्का हवाच. त्यासाठी वाघाच्या मांडीवरचे केस भादरून ठेवलेत. घाबरू नका, चित्रात दोनच दात होते, दोनच ठेवलेत."

आवाजाच्या रोखाने वाघ वळला आणि त्याचं नाक गजांवर आपटलं. पुन्हा हशा.

शाल्मलीने शिक्का चोईंच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, ऐन छातीवर, दाबून उमटवला.

"सरदार काढायचा राहिला होता," ती म्हणाली. "आता चित्र पुरं झालं."