असुराला शिदोरी

गुहेतल्या विहिरीवरची, कित्येक दिवस डळमळणारी मंतरलेली शिळा अखेर सरकली आणि युगानुयुगं उपाशी असलेला असुर धुरासारखा उसळून वर आला. त्याची शिंगं लागून गुहेच्या छताचे दगड निखळले. आम्ही दोघी जावा अख्खा डोंगर चढून आलो होतो ते त्यालाच पुन्हा कोंडायला.

आमच्या घराण्याची विद्या जुनी आणि साधी: ज्यानं आमचं मीठ खाल्लं, त्याला आमचा शब्द मोडता येत नाही. थोरल्या जाऊबाईंनी शिदोरी सोडून भाकरी-ठेचा पुढे केला. असुरानं ठेचा बोटानं बाजूला सारला आणि भाकरी एका घासात गिळली.

"उतर विहिरीत!" मी ओरडले.

तो गडगडाटी हसला. "भाकरीत मीठ नसतं, पोरी. मीठ ठेच्यात असतं."

तो गुहेच्या तोंडाकडे निघाला. खाली आमचं गाव होतं, अंगणात माझी लेक खेळत होती.

जाऊबाईंनी मात्र निवांत ठेच्याचं बोट चाटलं. "जाऊ दे गं त्याला. आपली पोरंटोरं खातात, पण ह्याला नाही झेपायचा."

असुर गर्रकन वळला आणि सगळा ठेचा त्यानं तोंडात कोंबला.

पुढच्याच क्षणी त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "पाणी! पाणी!"

"विहिरीत आहे की," जाऊबाई म्हणाल्या. "उतर."

तो मुकाट्यानं उतरला. शिळा धडाडत आपणहून जागेवर बसली. आम्ही एकमेकींना मिठी मारून नाचलो.

तेवढ्यात खालून रडवेला आवाज आला, "अहो, थोडं दही तरी टाका!"