काळं ते रबर

संगणकाच्या पडद्यावर त्या तुकड्याचा रंग काळा होता आणि मटेरियलच्या रकान्यात 'पोलाद' लिहिलेलं होतं.

इंजिनिअरने चष्मा काढला, पुसला, परत लावला. पोलादच! वर पोलादी पट्टी, तिला खालून चिकटवलेलं रबर, असा तो पंपाखाली बसवायचा पाय. कुठे किती ताण येतो ते हे सॉफ्टवेअर बरोबर सांगतं. पण कुठला भाग कशाचा, हे आपणच त्याला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते बापडं सगळंच पोलाद धरून चालतं. त्याने रबराला काळा रंग तेवढा दिला होता, चित्र छान दिसावं म्हणून. रबराचे गुण द्यायचे राहूनच गेले.

त्याने रकाना बदलला आणि गणित पुन्हा लावलं. या वेळी दाब पडताच रबर कडेने फुगलं. पट्टी-रबराच्या सांध्याच्या कडेवरचा ताणाचा आकडा मर्यादेच्या दुप्पट झाला. म्हणजे चिकटवण्यात खोट नव्हतीच. सांधाच अपुरा आखला होता, आणि आखणारे हे महाशय स्वतः.

गिऱ्हाइकाकडून चाळीस पाय रबर सुटून परत आले होते. मागच्या सोमवारी मीटिंगमध्ये त्याने हाच पाय भिंतीवरच्या पडद्यावर, चित्रातच दाबून दाखवला होता. पुन्हा पुन्हा दाबला, सांधा ढिम्म. "गणितात सांधा सुटत नाही," तो ऐटीत म्हणाला होता, "म्हणजे चिकटवतानाच हयगय झालीय."

रबर चिकटवणारे मिस्त्री तेव्हा मीटिंगच्या दाराशीच उभे होते. एकतीस वर्षं त्याच एका टेबलावर काढलेले. मिस्त्री म्हणजे त्याचे सख्खे वडील. पण वशिल्याचा म्हणून कुणी बोट दाखवू नये, यासाठी कारखान्यात तोही त्यांना चारचौघांसारखं मिस्त्रीच म्हणायचा.

मिस्त्रींनी बराच वेळ चित्र पाहिलं. मग एवढंच विचारलं, "यातलं रबर कुठलं?"

"अहो मिस्त्री, काळं दिसतंय ना, ते!" तो म्हणाला आणि हसला. मग साहेब हसले, मग सगळी खोली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचं टेबल दुसऱ्याला मिळालं आणि त्यांना खोकी बांधायला बसवलं. निवृत्तीला दीड महिना उरला होता. घरी ते एक शब्द बोलले नाहीत. त्यानेही विषय काढला नाही. उलट जेवताना त्यांच्या हातांकडे बघत मनात म्हणाला, वय झालं, थरथरत असतील. आता ते आठवलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

फाईल गुपचूप बदलता आली असती. कुणाला पत्ता लागला नसता. पण तो उठला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी दे." त्याने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं.

खाली खोकी बांधणाऱ्यांत मिस्त्री मांडी घालून बसले होते.

"बाबा," त्याने हाक मारली. आजूबाजूचे हात थांबले. "चूक माझी होती. चित्रात रबर नव्हतंच, सगळं पोलाद होतं. मी साहेबांना सांगून आलोय."

मिस्त्रींनी मान हलवली. दोरीची गाठ आवळली.

"चित्रातलं रबर दाबूनही फुगत नाही, हे तुम्ही त्याच दिवशी ओळखलंत ना?" त्याने विचारलं. "मग तेव्हाच का नाही बोललात, बाबा?"

"विचारलं होतं की," ते म्हणाले. "तू हसलास."