वाढवा

उत्तनच्या धक्क्यावर मनोरमा होडीच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू लावत होती. पहाटे अंघोळ केल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. पूजा होईपर्यंत मौन, हे तिचं बारा वर्षांचं रोजचं व्रत. आजची पूजा होडीची होती, म्हणून मौनही शांती नगरातल्या घरून इथवर आलं होतं. रिक्षावाल्याला तिनं पत्त्याची चिठ्ठीच दाखवली. "बोल नहीं सकती क्या, माँजी?" त्यानं विचारलं, आणि मग सगळी वाट गाणी बारीक ठेवली.

होडीत तिचा नवरा हरिश्चंद्र आणि त्याचा मित्र सुभाष सामान बांधत होते. दोघं निवृत्त, दोघं सत्तरीला टेकलेले. ओख्याहून कन्याकुमारीला शिडावर निघाले होते. मे महिन्यात वसईसमोर वादळानं डोलकाठी मोडली, तळाच्या दोन फळ्या उचकटल्या, होडी इथं ओढून आणावी लागली. मग पावसाळा. मग हवं तसं लाकूड मिळेना. लाकूड आलं तर पाऊस परत आला, दिवाळीसुद्धा भिजली. आता कार्तिक संपत आला होता.

वादळात हरिश्चंद्र अर्धा तास पाण्यात होता. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. सुभाषच्या बायकोकडून कळलं होतं.

"वहिनींचं मौन आहे तोवर निघूया," सुभाष म्हणाला. "सुटलं की पहिला शब्द 'थांबा' असेल."

हरिश्चंद्र हसला. मनोरमा खाली बघून वात सारखी करत राहिली. पहाटेपासून तिनं तोच शब्द तयार ठेवला होता.

होडी दुरुस्त करणारा नाथा सुतार तळाच्या फळ्यांवरून शेवटचा हात फिरवून वर आला. सुभाषनं पाण्याकडे पाहिलं.

"हरिभाऊ, फोड तो नारळ. ओहोटी लागली."

मनोरमाचं बोट वर झालं.

"फोड नाही म्हणायचं," हरिश्चंद्र तिच्या वतीनं बोलला. "वाढव म्हण. आमच्या घरी नारळ फुटत नाही, बांगडी फुटत नाही, दिवा विझत नाही."

"माणूस म्हातारा होतो की तेही नाही?"

"ते होतो."

नारळ हातात घेऊन हरिश्चंद्र धक्क्यावर उतरला आणि तसाच उभा राहिला.

"नाथा, तुला सांगायचं राहिलं. ही होडी मी भंगारात देणार होतो. ओढून आणली त्या दिवशी माझे हात नुसते कापत होते. ही आली. होडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, 'आता हा प्रवास वाढवा.' बस, एवढंच. म्हटलं, हिला भीती नाही, तर मी कशाला घाबरू? त्या एका शब्दावर सहा महिने काढले बघ."

"वैनीचा जीव मोठा हाय," नाथा म्हणाला.

मनोरमाच्या हातातलं निरांजन कललं. तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा केला.

ती तसं म्हणाली होती. मोडकी डोलकाठी समोर, त्याचे हात समोर, आणि मागे समुद्र. तिथं 'बंद करा' हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. संध्याकाळी दुकान वाढवतात, तसा हा प्रवास वाढवा. पुरे झालं, घरी चला. पण दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी डबा घेऊन उत्तनला येऊ लागला. आपलं ऐकलं नाही, हे तिनं मनात धरलं. एकदा सांगून झालं, पुन्हा सांगायचं नाही. सहा महिने ती त्याला डबा भरून देत राहिली आणि होडीचं काही विचारलं नाही.

हरिश्चंद्रनं नारळ पायरीच्या दगडावर आपटला. एका घावात दोन भकलं झाली. पाणी दगडावरून खाली समुद्रात गेलं. पूजा झाली.

"हं," तो म्हणाला. "आता बोल."

सुभाष होडीतून बघत होता. नाथा दोराशी थांबला होता. हरिश्चंद्रच्या दोन्ही हातांत नारळाची भकलं होती, आणि हात अगदी स्थिर होते.

"त्या दिवशी मी म्हणाले ना," मनोरमा म्हणाली. पहाटेपासून न वापरलेला आवाज जरा घोगरा आला.

"हं?"

वर शिडाचं कापड एकदा फडफडलं.

"मनापासून म्हणाले होते."

"ते मला माहीत नाही का?" त्यानं एक भकल समुद्राला दिलं, एक तिच्या ओंजळीत ठेवलं. "येतो."

"या."

नाथानं दोर सोडला. उतरत्या पाण्यानं होडी आपोआप धक्क्यापासून सुटली. बऱ्याच वेळानं, पार लांब गेल्यावर, शिडात वारा भरला. हरिश्चंद्र कोणता आणि सुभाष कोणता, हे कळेनासं होईपर्यंत मनोरमा उभी होती. मग तिनं निरांजन ताटात ठेवलं.

मागे नाथा ताडपत्रीची घडी घालत होता. रंधा, पटाशी, हातोडी गोणीत गेली.

"चला वैनी. मी पन हितलं काम वाढवतो आता."

"वाढवतो म्हणजे?" मनोरमानं विचारलं.

नाथानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "म्हंजे बंद करतो. दुसरं काय असनार?"

"काही नाही," ती म्हणाली. "विचारलेलं बरं असतं."