भिंतीपलीकडचे ठोके

सेनेबतावी राजाने जेमतेम दोन वर्षं राज्य केलं. तो गेला आणि डोंगरात कोरलेल्या देवळातून त्याचं नाव खरवडून काढायचा नव्या राजाचा हुकूम आला. ते काम पाथरवट पाशेदूच्या वाट्याला आलं. नाव पुसलं की मेलेला माणूसही कुठे उरत नाही, हे ठाऊक असल्यामुळे त्याचा हात चालेना.

अखेर शिडीवर चढून त्याने पहिलं चित्राक्षर फोडलं, तेव्हा भिंतीच्या आतून ठोका आला.

"खोन्सू, मागे कोणी काम करतंय का रे?"

खाली शिडी धरून उभा असलेला त्याचा मेहुणा हसला. "मागे अख्खा डोंगर आहे, दाजी. कालची बिअर उतरली नाही वाटतं अजून."

पाशेदूने दुसरं अक्षर फोडलं. आतूनही ठोके आले. तो थांबला, तरी ते थांबले नाहीत.

वीस वर्षं छिन्नी धरलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून काम कळतं. आत कोणी काही कोरत नव्हतं. तिकडेही कोणाचं तरी नावच खरवडलं जात होतं.

कोणाचं, ते त्याला उमगेना. गोंधळून त्याने भराभर उरलेली अक्षरं उडवली. शेवटचा ठोका दोन्हीकडून एकदमच पडला आणि भिंत गप्प झाली.

"चल, घरी जाऊ," म्हणत पाशेदू खाली उतरला.

खोन्सू दोन पावलं मागे सरला आणि त्याने अदबीने मान लववली.

"आपण कोणाकडे आलात?" त्याने विचारलं. "इथे सकाळपासून मी एकटाच आहे."